पूल चालू हाय का?

पावसाळा सरता सरता बीड जिल्ह्यात माणसं एकमेकांची ख्यालीखुशाली विचारायच्या आधी एक प्रश्न विचारतात. एसटी स्टँडवर कंडक्टरला, दूधवाल्याला, फोनवर पलीकडच्या गावातल्या सोयऱ्याला. "मामा, पूल चालू हाय का?" मामा म्हणतात, "सकाळी तर होता. थांब, बघून सांगतो." आणि ते खरंच चपला सरकवून नदीपर्यंत जातात, पाणी कुठल्या दगडापर्यंत आलंय ते पाहतात आणि परत फोन करतात.

दिवाळी झाली की हा प्रश्न कुणी विचारत नाही. नदी पात्राच्या एका कडेला आखडते, पाणी निवळतं, पुलावर बसलेला गाळ वाळून त्याचा फुफाटा होतो. पूल आहे, माणसं येतात-जातात, विचारायचं काय? मला मात्र वाटतं, की सप्टेंबरातल्या त्या प्रश्नाचं उत्तर ठरतं ते डिसेंबर-जानेवारीत, पुलाकडे कुणाचंच लक्ष नसतं तेव्हा. मामा सप्टेंबरात ते फक्त वाचून दाखवतात. सांगायचं आहे ते एवढंच, पण ते घाईनं सांगण्यासारखं नाही. एकेक पदर सोडवत जाऊ.

आधी शब्दच घेऊ. पूल जागचा हलत नाही. हलला तर अनर्थ. तरी मराठीत तो 'चालू' असतो. नळ चालू असतो, शाळा चालू असते, गुऱ्हाळ चालू असतं, तसाच पूलही चालू असतो. नळामागे पाणी सोडणारा माणूस आहे, शाळेमागे गुरुजी आहेत, गुऱ्हाळात काहिलीजवळ गुळव्या उभा आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. ती माणसं उठून गेली की त्या गोष्टी बंद पडतात. पुलामागे मात्र कुणी असेल असं मनातही येत नाही. नारळ फुटला, फीत कापली, फोटो छापून आला. आता तो बालाघाटाच्या डोंगरासारखा आपापला उभा राहील, अशी आपली समजूत. म्हणजे शब्द आपण कामाचा वापरतो आणि मनात चित्र डोंगराचं ठेवतो. भाषा इथे आपल्यापेक्षा शहाणी आहे. जे चालू असतं ते कुणीतरी चालू ठेवलेलं असतं.

आता हे जिथे रोज दिसतं त्या गावात जाऊ. बीड शहराच्या मधून बिंदुसरा वाहते. दक्षिणेला बालाघाटाच्या रांगेत उगम, वाटेत पालीचं धरण, मग शहर, पुढे सिंदफणेला मिळणं. सिंदफणा जाते माजलगावकडे आणि मंजरथला गोदावरीत शिरते. बिंदुसरेच्या एका अंगाला पेठ बीड, दुसऱ्या अंगाला बाकीचं गाव. त्यामुळे शाळा, मोंढा, दवाखाना, सोयरीक यांपैकी काहीतरी नदीपलीकडे असतंच. वर्षातले बरेच महिने ही नदी एखाद्या ओढ्यासारखी दिसते आणि माणसं तिला गृहीत धरतात. 23 जुलै 1989 ला तिनं काय केलं ते जुन्या लोकांना आजही आठवतं. एका पुरात माणसं गेली, वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. नदी लहान असली की पूल लहान होतो आणि पूल लहान असला की त्याकडे लक्षही लहान जातं. आमच्याकडच्या बहुतेक पुलांचं असंच आहे. पाइप टाकून वर काँक्रीट ओतलेले नळकांडी पूल, पाण्याखाली जाणारे ठेंगणे फरशी पूल, कुठे निजामाच्या अमदानीतलं दगडी बांधकाम. यांपैकी कशावरही कुणी सेल्फी काढत नाही. पण शेरडं, सायकली, दुधाची किटली आणि डोक्यावर भारा घेतलेली बाई यांची वाट तीच असते.

शहरातच पायी वाटेचं एक जुनं उदाहरण आहे. कंकालेश्वराचं देऊळ पाण्याच्या कुंडात उभं आहे आणि काठावरून तिथवर जाते ती दगडी वाट. तिथे गाडीचा प्रश्नच नाही. जायचं ते पायांनी. महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते. महाशिवरात्र माघात, थंडी सरता सरता येते. आपल्याकडे पूर्वी देखभालीची तारीख कुठल्या परिपत्रकात नसायची, ती पंचांगात असायची. यात्रा तोंडावर आली की वाट झाडायची, सुटलेला दगड बसवायचा, शेवाळ खरवडायचं, कारण हजारो अनवाणी पाय येणार हे नक्की असायचं. वाटेची तपासणी आणि वाटेचा उपयोग एकाच तिथीला बांधलेले होते. ही गाठ लक्षात असू द्या, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

हिवाळाच का? कारण तेव्हाच पूल स्वतःचं अंग दाखवतो. पावसाळ्यात खांबांचे पाय पाण्यात असतात. उन्हाळ्यात पात्र कोरडं असतं खरं, पण लोखंडाला हात लावू म्हणता लावता येत नाही आणि ओतलेल्या काँक्रीटमधलं पाणी उन्हानं भराभर उडून त्याला तडे जायची भीती असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी उतरलेलं, ऊन सोसण्यासारखं, दिवस लहान पण कामाचा. सरकारी बांधकाम खात्यातही पुलांची पाहणी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा करायची रीत आहे. आधीची पाहणी म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास. नंतरची पाहणी खरी, कारण तिच्यामागे दुरुस्तीला सबंध हिवाळा शिल्लक असतो.

पाहायचं काय? सगळ्यात आधी पाया. आणि इथे नदी एक फसवणूक करते. पुराचा जोर असताना पाणी खांबाभोवती भोवरे करून बुडाची वाळू-माती उपसून नेतं, तिथे खड्डा पडतो. पूर ओसरताना तेच पाणी संथ होतं आणि सोबत आणलेला गाळ त्याच खड्ड्यात टाकून जातं. आपण नोव्हेंबरात पाहायला जातो तेव्हा पात्र सपाट दिसतं, जणू काही झालंच नाही. पण तो गाळ भुसभुशीत असतो, भार घेत नाही. पुढच्या पुरात तो पहिल्या तासातच निघून जातो. म्हणून जाणता माणूस नुसता पाहत नाही. तो सळई घेऊन खांबाच्या बुडाशी खोचत जातो. सळई रुसून थांबली तर जमीन आहे, लोण्यात जावी तशी गेली तर खड्डा आहे. हे काम पाण्यात गुडघाभर उभं राहून, सकाळच्या गारठ्यात करायचं असतं. त्याला ना फीत, ना नारळ.

दुसरं पाहायचं ते झाडं. दगडी पुलाच्या सांध्यात पक्ष्यांनी टाकलेल्या बीतून पिंपळ रुजतो, कधी उंबर रुजतो. पावसाळ्याच्या ओलीवर तो वीतभर वाढतो आणि थंडीत त्याची पानं दगडावर छान दिसतात. दोन वर्षांत त्याची मुळं सांध्यातला चुना फोडून आत शिरतात. वरून छाटला तर तो पुन्हा फुटतो, आणि छाटायला तरी कोण धजावणार? पिंपळावर कुऱ्हाड घालायला आमच्याकडे कुणी पुढे होत नाही. त्यावरचा जुना तोडगा मला आवडतो. रोप हातभर व्हायच्या आत ओल असतानाच मुळासकट अलगद काढायचं, नदीकाठी नेऊन लावायचं आणि सांधा भरून घ्यायचा. भरायचा तोही चुन्यानंच. जुन्या चुन्याच्या बांधकामात सिमेंटचा पोचारा मारला की वरून दिसतं पक्कं, पण सिमेंट चुन्यापेक्षा कडक. ते आतली ओल बाहेर पडू देत नाही आणि शेवटी दगडाचेच टवके निघतात. धर्मही राहिला, पूलही राहिला, पण हे साधतं ते वेळेवर केलं तर. रोपाचं झाड झालं की दोन्हींपैकी एक जातं.

तिसरी गोष्ट सगळ्यात बारीक आणि मला सगळ्यात जास्त शिकवणारी. पुलाच्या तक्त्यात मध्ये मध्ये एक फट ठेवलेली असते. गाडी तिच्यावरून गेली की 'ठक' वाजतं. ही फट बांधकामातली चूक नसते, ती मुद्दाम सोडलेली जागा असते. लोखंड आणि काँक्रीट उन्हात वाढतात, थंडीत आखडतात. 30 मीटर लांबीचा लोखंडी तक्ता घ्या. आमच्याकडे जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत 30 अंशांचं अंतर सहज पडतं. एवढ्यानं तो तक्ता सुमारे 11 मिलिमीटर वाढतो, म्हणजे करंगळीच्या जाडीएवढा. वाढायला जागा हवी म्हणून ती फट. आता गंमत पाहा. थंडीत तक्ता आखडलेला असतो, म्हणून फट सगळ्यात रुंद हिवाळ्यात होते. नेमक्या त्याच दिवसांत पुरानं आणलेला गाळ वाळून त्याची खडी-माती झालेली असते आणि चाकांनी, झाडूनं ती त्या रुंद फटीत जाऊन बसते. कुणी काढली नाही तर उन्हाळा येतो, तक्ता वाढू लागतो, आणि त्याची जागा खड्यांनी बळकावलेली असते. मग तो टोकाच्या भिंतीला रेटतो, कडा फुटतात, खालचे टेकू सरकतात.

एका जानेवारीत सकाळी एका पुलावर दोन माणसं ही फट साफ करताना मी पाहिली. एकाच्या हातात टोकाला वाकवलेली सळई, दुसऱ्याकडे खराटा आणि घमेलं. सळई फटीत घालायची, ओढत आणायची, निघेल ते घमेल्यात. त्या घमेल्यात काय काय होतं! खडी, बाटलीची बुचं, तंबाखूच्या पुड्या, बैलाचा एक नाल, एका लहान मुलाच्या चपलेचा पट्टा. दोन तासांत त्यांनी पाच घमेली काढली. वरून जाणाऱ्या कुणालाही ते काय करतात हे कळत नव्हतं. एक मोटारसायकलवाला थांबून म्हणाला, "काय हरवलं का, भाऊ?" सळईवाला हसून म्हणाला, "हां, मे महिना हरवलाय." मला त्या उत्तरात सगळं निरूपण आलं असं वाटतं. तो जानेवारीत मे महिन्यासाठी जागा करत होता.

रंगाचंही तसंच. लोखंडी कठड्याला रंग द्यायचा तो थंडीत, पण सकाळी आठला नाही. पहाटेचं दव लोखंडावर बारीक पसरलेलं असतं. त्यावर रंग मारला तर तो चकाकतो आणि पुढच्या पावसाळ्यात पापुद्र्यासारखा सुटून येतो, खाली गंज तसाच. चांगला रंगारी ऊन वर येईपर्यंत बिडी ओढत बसतो, हाताचा पंजा लोखंडावर फिरवतो, कोरडा लागला तर डबा उघडतो. लांबून पाहणाऱ्याला तो आळशी वाटतो. त्याची ती दोन तासांची बैठकही कामातच धरली पाहिजे.

आता जरा लांब जाऊन येऊ. ज्या देशांत बर्फ पडतो तिथे हिवाळा पुलाची परीक्षाच घेतो. तिकडे राहणाऱ्या आपल्या लेकरांना गाडी शिकताना पहिल्या थंडीत एक गोष्ट बजावली जाते, की रस्त्याआधी पूल गोठतो. रस्त्याला खालून जमिनीची ऊब असते. पुलाला वरून वारा, खालूनही वारा. म्हणून रस्ता नुसता ओला असताना पुलावर काचेसारखा बर्फ असू शकतो. त्यावर उपाय मिठाचा. मिठानं पाणी शून्याच्या खालीही गोठत नाही, पण त्यालाही मर्यादा आहे. उणे 9 अंशांच्या आसपास साध्या मिठाचा जोर संपतो. आणि वाट मोकळी करणारं तेच मीठ पाण्याबरोबर काँक्रीटमध्ये झिरपतं, आतल्या सळया गंजवतं, गंजलेली सळई फुगते, वरचं काँक्रीट फुटतं. म्हणजे आज पूल चालू ठेवण्यासाठी जे टाकायचं तेच उद्याचा पूल खातं. त्यामुळे तिथल्या नगरपालिकांना दर हिवाळ्यात ठरवावं लागतं, की कुठल्या पायपुलावरचा बर्फ रोज काढायचा, कुठल्या वाटा थंडीभर बंद ठेवायच्या आणि कुठल्यावर पाटी लावायची, की इथे हिवाळ्यात देखभाल होत नाही, जायचं तर आपल्या जबाबदारीवर जा.

आमच्याकडे बर्फ नाही, मीठ नाही. पण हा पेच आहे. फक्त त्याचा महिना वेगळा आहे. ठेंगण्या पुलांचे कठडे पाहा. पुरात पाण्याबरोबर झाडं, काटक्या, उसाची धाटं, कधी सबंध गवताची गंज वाहत येते. पुलाला कठडा असेल तर हे सगळं त्यात अडकतं, पाण्याला बांध घातल्यासारखं होतं आणि त्या दाबानं पूलच उखडू शकतो. म्हणून पाण्याखाली जाणाऱ्या पुलांना काढता येणारे किंवा आडवे पाडता येणारे कठडे ठेवायची पद्धत आहे. पावसाळ्याआधी काढायचे, पाणी उतरलं की बसवायचे. पूल वाचवायचा तर कठडा नको आणि माणूस वाचवायचा तर कठडा हवा. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ घालणारं एकच काम आहे, थंडीच्या सुरुवातीला कठडे परत बसवणं. ते राहून गेलं तर पूल वाचतो, गाड्या धावतात, कागदावर तो चालूच असतो. पण संध्याकाळी लवकर अंधार पडतो, धुकं उतरतं, समोरून ट्रॅक्टर येतो आणि कडेनं चालणाऱ्याला अंग चोरायला हवेखेरीज काही उरत नाही.

इथे पुढचा पदर येतो. चालू म्हणजे कुणासाठी चालू? पुलाचा मधला भाग चाकांनी आपोआप झाडला जातो. धूळ, खडी, काच सगळं कडेला जातं आणि कड ही चालणाऱ्याची जागा असते. पाणी जायच्या नळ्या कडेला, त्या तुंबल्या की डबकं कडेला. फरशी उचकटलेली असते तीही कडेचीच. गाडीवाल्याला जो पूल ठणठणीत वाटतो तोच चालणाऱ्याला तिथल्या तिथे वेगळा पूल असतो. एखादा पूल चालू आहे का हे ठरवायचं असेल तर त्याच्यावरून सगळ्यात हळू जाणाऱ्या माणसाला विचारावं. काठी टेकत जाणारी आजी, डोक्यावर पाण्याचा हंडा घेतलेली बाई, सायकल हातात धरून चालणारी शाळकरी पोर. त्यांना तो चालू असेल तर बाकी सगळ्यांना असतोच. उलटं मात्र खरं नाही.

आणि आमच्या जिल्ह्यात चालणाऱ्यांचा हंगाम नेमका थंडीत असतो. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या कपिलधारला मराठवाड्यातून, कर्नाटकातून दिंड्या पायी येतात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. गावंच्या गावं रिकामी होतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चुली, अंथरुणं, शेरडं, लेकरं घालून कोयत्यांच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात. बीड जिल्ह्याचा हिवाळा म्हणजे पूल ओलांडायचा हंगाम. गंमत अशी, की जी माणसं गावातल्या पुलावर सगळ्यात जास्त पायी चालतात, ती पुलाच्या दुरुस्तीच्या महिन्यांत गावात नसतात. ती नसल्यामुळे विचारणारं कुणी नसतं. उन्हाळ्यात ती परततात, तोवर दुरुस्तीचा हंगाम सरलेला असतो आणि पाऊस दाराशी आलेला असतो. कठडे का बसवले नाहीत, फट का काढली नाही, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला जानेवारीत गावात असावं लागतं.

आता देखभाल म्हटल्यावर आपण काय समजतो, तेही तपासून घेऊ. 2022 च्या दिवाळीत गुजरातमध्ये मोरबीचा झुलता पूल दुरुस्तीनंतर 26 ऑक्टोबरला, त्यांच्या नववर्षाच्या दिवशी, लोकांसाठी खुला झाला. 30 ऑक्टोबरला तो तुटला आणि 135 माणसं गेली. चौकशीत पुढे आलं, की चालायची फरशी नवी, ॲल्युमिनियमची बसवली होती, पण जो मुख्य दोर पूल पेलत होता त्यातल्या 49 तारांपैकी 22 आधीच गंजलेल्या होत्या. पाय ठेवायची जागा नवी आणि भार घेणारी जागा जुनी. जे डोळ्यांना दिसतं त्याला हात लावला आणि ज्याला सळई खोचून पाहायला हवं होतं ते तसंच राहिलं. रंगाऱ्याच्या दवाची गोष्ट पुन्हा आठवा. चकाकी आणि देखभाल यांची तोंडं पुष्कळदा दोन दिशांना असतात.

राहिला शेवटचा पदर, आणि तोच अवघड आहे. पूल चालू ठेवणं म्हणजे तो कधीच बंद न करणं असा अर्थ होतो का? नाही. उलट योग्य वेळी, योग्य रीतीनं बंद करणं हे चालू ठेवण्याचंच अंग आहे. पण 'बंद' हेही एक काम आहे, ते करावं लागतं. 15 जून 2025 ला, रविवारी, मावळात कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पायपूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. 4 जणांचा मृत्यू झाला, कितीतरी जखमी झाले. पूल धोकादायक असल्याची पाटी तिथे होती. नवा पूलही मंजूर होता. म्हणजे बंद करायचं ठरलं होतं, ते कागदावर उतरलं होतं, पाटीवरही उतरलं होतं. वाटेवर उतरलं नव्हतं. पाटी वाचणारा माणूस समोर शंभर लोक पुलावर उभे पाहतो तेव्हा तो पाटीवर नाही, त्या शंभरांवर विश्वास ठेवतो. मी असतो तर मीही ठेवला असता, हे कबूल करावं लागेल.

बंद खरं कधी होतं? एक, वाट खरोखर अडवलेली असली पाहिजे. दोन, का आणि कधीपर्यंत हे सांगणारं कुणीतरी असलं पाहिजे. तीन, दुसरी वाट असली पाहिजे. तिसरी अट सगळ्यात जड. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल 14 मार्च 2019 ला कोसळला आणि नवा पूल 2023 च्या मार्चअखेर खुला झाला. मधली चार वर्षं तिथल्या चालणाऱ्यांनी वाहनांच्या गर्दीतून रस्ता ओलांडला. आमच्याच बीडमध्ये बार्शी नाक्याजवळ बिंदुसरेवरचा जुना पूल थकला तेव्हा पात्रातून पर्यायी रस्ता काढला होता आणि बिंदुसरेच्या पुरानं तो वाहून नेला. दुसरी वाटही एक पूलच असते, तिलाही पाया लागतो, तिलाही पावसाळा असतो. दुसरी वाट न देता केलेलं बंद लोक पाळत नाहीत, यात लोकांचा आडमुठेपणा कमी आणि पलीकडच्या शाळेची घंटा जास्त असते.

म्हणून पंचांगाची ती गाठ पुन्हा बांधायला हवी. यात्रेला जशी तिथी असते तशी पुलाला असावी. अमुक पुलाचे कठडे कार्तिकी पौर्णिमेच्या आत बसलेले असतील. फटी संक्रांतीपर्यंत साफ होतील. पायाशी सळई खोचून झाल्याची नोंद महाशिवरात्रीला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिली जाईल. यात पैसा फार नाही. सळई, खराटा, घमेलं, चुना आणि थोडा रंग. लागतं ते एवढंच, की कुणाचं तरी नाव त्या तिथीपुढे लिहिलेलं असावं आणि ती चुकली तर विचारायला गावात कुणीतरी असावं. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, सिंदफणेला जे पाणी आलं, त्यापुढे कुठलाही खराटा अपुराच. सगळेच पूल देखभालीनं वाचतात असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण पूर ओसरल्यावर पूल आठ दिवसांत चालू होतो की आठ महिन्यांत, हे बहुतेक वेळा आधीच्या हिवाळ्यांवर ठरतं.

शेवटी तुम्हाला एका बंधाऱ्यावर नेतो. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आमच्या नद्यांवर ठिकठिकाणी आहेत. ओळीनं खांब, खांबांना खाचा, खाचांत बसवायची लोखंडी दारं. त्यांना आम्ही बर्गे म्हणतो. पावसाळ्यात बर्गे काढलेले असतात, पूर मोकळा जातो. पाऊस संपला, पाणी ओसरू लागलं की ऑक्टोबरच्या सुमारास बर्गे एकावर एक खाचांत सोडायचे, की रब्बीसाठी पाणी अडतं. खांबांवर जो अरुंद तक्ता असतो तो बांधला बर्गे हाताळण्यासाठी, पण गावानं त्याचा पायपूल केलेला असतो. पावसाळाभर पुराचं पाणी चढलं की ती वाट बुडते. खाली दारं मिटू लागतात त्या दिवसांत वर वाट उघडते.

अशाच एका सकाळी तिघं जण बर्गा उतरवत होते. दोघांच्या हातात दोर, तिसरा तक्त्यावर पालथा झोपून खाचेत पाहत होता. अलीकडून एक शाळकरी मुलगी सायकल हातात धरून आली. तक्त्याच्या तोंडाशी थांबली.

"काका, चालू हाय का?"

पालथ्या माणसानं मान न वळवता हात वर केला. "थांब गं माय, दोन मिनिटं. हा बसू दे."

ती थांबली. बर्गा खाचेत घसरत गेला, एकदा अडला, दोराला हिसका बसला, मग खाली जाऊन ठक वाजला. माणूस उठून कडेला झाला, अंगाची धूळ झटकली आणि तक्त्यावर पडलेला दोर तिच्या वाटेतून पायानं बाजूला सारला.

"आता जा. सावकाश."